ओळींच्या फटीतली इंग्रजी

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ नावाची एक पोथी आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठात ती आठव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिली गेली. वासराच्या कातड्याची पानं आणि त्यांवर टपोरी, घोटीव लॅटिन अक्षरं. नीट पाहिलं की दोन ओळींच्या मधे दुसऱ्याच हाताचं बारीक अक्षर दिसतं. लॅटिन शब्दांच्या डोक्यावर त्यांचे अर्थ लिहिले आहेत, आणि तेही इंग्रजीत. गॉस्पेल्सचं, म्हणजे बायबलमधल्या येशूचरित्रांचं, आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं इंग्रजी भाषांतर ते हेच.

ते लिहिणारा आल्ड्रेड हा धर्मगुरू. त्याने लेखणी उचलली तेव्हा पोथीला सुमारे अडीचशे वर्षं झाली होती. मूळ लेखनिक बिशप ईडफ्रिथ, ही नोंदही त्यानेच शेवटी करून ठेवली.

इंग्रजीची पाळंमुळं मात्र ब्रिटनच्या बेटावरची नव्हेत. रोमन सत्ता इ.स. 410 च्या सुमारास ब्रिटनमधून आवरली. त्यानंतर आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यांवरून अँगल, सॅक्सन, ज्यूट हे लोक येऊन वसले. स्थानिक केल्टिक भाषा हळूहळू पश्चिमेला सरकल्या. 597 मध्ये रोमहून ऑगस्टिन केंटला आला आणि त्याच्यासोबत लॅटिन लिपी. लवकरच केंटच्या एथलबर्ट राजाचे कायदे चक्क इंग्रजीत लिहिले गेले.

तेव्हाच्या इंग्रजीचं व्याकरण मराठी माणसाला आजच्या इंग्रजीपेक्षा ओळखीचं वाटेल. नामांना विभक्तीचे प्रत्यय होते आणि लिंगंही तीन होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, तर बाईसाठीचा ‘वीफ’ हा शब्द नपुंसकलिंगी! आपल्या तो-ती-ते सारखी ‘से’, ‘सेओ’, ‘थॅट’ अशी तीन रूपं होती. आज त्या जागी एकटा ‘द’ उरला आहे.

बाकीचं सगळं गेलं कुठे? बहुतेकांच्या तोंडी याचं उत्तर 1066 असतं. नॉर्मन आले, दरबारात फ्रेंच आली, इंग्रजी बदलली. नॉर्मनांमुळे शब्दांची भर पडली हे खरंच; पण व्याकरणाचा सांगाडा त्याआधीच हलू लागला होता आणि त्याची सुरुवात उत्तरेत झाली, असं मला ठामपणे वाटतं.

793 मध्ये व्हायकिंगांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला. पुढे 875 मध्ये भिक्षूंनी संत कथबर्टचे अवशेष घेऊन बेटच सोडलं. अखेर हा समुदाय चेस्टर-ल-स्ट्रीटला स्थिरावला, आणि आल्ड्रेडने आपले अर्थ तिथेच लिहिले. तोवर लुटारूंची मुलं-नातवंडं उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये शेती करू लागली होती. त्यांची नॉर्स भाषा इंग्रजीच्या नात्यातलीच. धातू सारखे, प्रत्यय वेगळे. बाजारात, शेतावर आणि सोयरिकीत एकमेकांचं बोलणं समजून घेताना प्रत्यय गळत गेले असावेत. ‘स्काय’, ‘एग’, ‘नाइफ’, ‘हजबंड’, ‘लॉ’ हे शब्द नॉर्समधले. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंही तिथलीच. वस्तूंची नावं कुठलीही भाषा सहज उचलते. सर्वनामं उसनी यायला माणसं एका छपराखाली नांदावी लागतात.

आल्ड्रेडच्या बारीक अक्षरात ही घालमेल दिसते. एकच क्रियापद तो कधी ‘थ’ने संपवतो, कधी ‘स’ने. हा ‘स’ उत्तरेचा. लंडनकडे तो शतकांनी पोचला. 1611 च्या बायबलमध्येही ‘कमेथ’च आहे, ‘कम्स’ नाही.

दक्षिणेत वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाने 878 मध्ये एडिंग्टनला डेन लोकांना, म्हणजे याच व्हायकिंगांना, रोखलं आणि लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणायला घेतले. त्याने वूस्टरच्या बिशपला पाठवलेली एक प्रत आजही ऑक्सफर्डला आहे. तिच्यात तीन लिंगं, विभक्ती, सगळं शाबूत आहे.

पूर्वेकडच्या पीटरबरो मठात मात्र इंग्रजी बखर 1154 पर्यंत लिहिली गेली, आणि तिच्या शेवटच्या नोंदींत तीन लिंगं जवळजवळ मोडीत निघाली आहेत. केंटमध्ये, जिथे डेन वस्ती झालीच नाही, 1340 च्या एका ग्रंथातही या लिंगांच्या खुणा सापडतात.