हिमावरच्या वहाणा

साताऱ्यास हिंवाळ्यांत घोंगडी पांघरावी लागते, आणि महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे दंव गोठून पांढरें होतें. एवढाच काय तो आपल्या भागाचा बर्फाशीं परिचय. सांगलीकडे तर तेवढाही नाहीं. मग स्की कशी निवडावी हें इकडील मंडळींना सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारल्यास तें वावगें होणार नाहीं.

प्रयोजन दुहेरी आहे. पहिलें असें कीं, सातारा हा शिपायांचा जिल्हा आहे. आपशिंगे मिलिटरी या एकाच गांवचे ४६ जवान पहिल्या महायुद्धांत कामास आले. आज या जिल्ह्याचे तरुण हिमालयाच्या सीमेवर पहारा करीत आहेत. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सियाचीनवर हिमाच्या कड्याखालीं जे १० जवान गाडले गेले, त्यांत सातारा जिल्ह्याचाही एक सुपुत्र होता. सैन्याला बर्फांत वावरण्याचें शिक्षण देणारी गुलमर्गची शाळा १९४८ सालीं निघाली ती स्की-शाळा म्हणूनच. दुसरें प्रयोजन असें कीं, आपल्या सुशिक्षित घरांतील मुलें-मुली आतां सुटींत गुलमर्ग, औली किंवा मनाली येथें स्की शिकावयास जातात. दोनतीन हंगाम झाले कीं दाबून सारखा केलेला उतार त्यांना पुरेनासा होतो, आणि ज्यावर कोणाचीच रेघ उमटलेली नाहीं अशा मोकळ्या बर्फांतून उतरण्याची ओढ लागते. यालाच फ्रीराइड म्हणतात. मग एके दिवशीं घरीं निरोप येतो कीं, स्की घ्यावयाच्या आहेत, पैसे पाठवा.

ते पैसे पाठवावयाचे कीं नाहीं हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. परंतु पाठविले तर ते कशावर खर्च व्हावेत, हें मात्र वडील मंडळींनीं जाणून घ्यावें. दुकानांत डोळ्यांत भरते ती स्की: लांबलचक, चकचकीत, चित्रांनीं रंगविलेली. तिच्या मानानें बूट ओबडधोबड दिसतो, आणि बाइंडिंग, म्हणजे बूट व स्की यांना जोडणारा खटका, याकडे तर कोणी पाहतही नाहीं. साहजिकच पैसा प्रथम स्कीवर जातो. वास्तविक क्रम याच्या उलट असावयास पाहिजे. आधीं बूट, मग स्की, आणि बाइंडिंग या दोघांना शोभेल असें.

बूट आधीं कां? कारण स्कीला जी आज्ञा मिळते ती बुटांतूनच मिळते. पाऊल बुटांत हललें तर वळण घेण्याचा हुकूम वाटेंतच हरवतो. या बुटाचीं दोन अंगें असतात: बाहेर टणक प्लास्टिकचें कवच आणि आंत मऊ अस्तर. त्याचें माप नेहमींच्या जोड्यासारखें नसून पावलाची लांबी जितके सेंटिमीटर तितका त्याचा आंकडा असतो. मापाची कसोटी सोपी आहे. अस्तर काढून नुसत्या कवचांत पाऊल घालावें, बोटें पुढें टेकवावीं, आणि टांचेमागें किती जागा उरते तें पाहावें. एक ते दोन बोटें मावतील इतकीच जागा योग्य. अधिक उरली तर बूट मोठा आहे. मग अस्तर बसवून, एकच पातळ मोजा घालून, कड्या लावून उभें राहावें. ताठ उभें असतां बोटें पुढें जेमतेम लागावीं, आणि गुडघे वांकवितांच तीं किंचित् मागें सरावीं. थंडी लागेल म्हणून दोन मोजे चढविणारे पुष्कळ आढळतात. त्यानें पाऊल आवळलें जाऊन रक्त खेळत नाहीं आणि पाय उलट अधिक गारठतात.

लांबीइतकीच रुंदीही पाहावी. कवचाची आंतील रुंदी साधारणतः ९७ पासून १०३ मिलिमीटरपर्यंत असते, आणि आयुष्यभर चपला वापरलेलें आपलें पाऊल पुष्कळदां पुढें पसरट असतें. बुटावर ताठरपणाचा आंकडाही लिहिलेला असतो, ९०, ११०, १३० असा. परंतु त्याचें सर्वांना सामाईक असें प्रमाण ठरलेलें नाहीं. एका कारखान्याचा ११० दुसऱ्याच्या १२० इतका कडक असूं शकतो. म्हणून आंकड्यापेक्षां स्वतःची नडगी पुढें रेटून पाहणें बरें. डोंगर पायीं चढावयाचा असल्यास मागील बाजू मोकळी करण्याची सोय असलेला बूट घ्यावा. अंथरूण पाहून पाय पसरावे अशी म्हण आहे खरी. येथें मात्र पाय पाहून अंथरूण निवडावयाचें आहे.

आतां स्कीकडे वळूं. कृष्णेला पूर आला म्हणजे आपल्याकडे गुऱ्हाळांतील काहील पाण्यांत सोडून माणसें पैलतीराला नेतात. काहील तरंगते ती तिचा तळ पसरट म्हणून. मऊ, खोल बर्फांत स्कीचेंही तसेंच आहे. दाबलेल्या उतारावरील स्की पावलाखालीं साधारण ६५ ते ८५ मिलिमीटर रुंद असते. फ्रीराइडची स्की १०० ते १२० मिलिमीटर. रुंदी वाढली म्हणजे ती भुसभुशीत बर्फांत बुडत नाहीं; परंतु काहील जशी चटकन् वळत नाहीं, तशीच रुंद स्की कडक बर्फावर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यावयास आळस करते. म्हणून पहिली जोडी घेणाऱ्यानें १०० च्या आसपास राहावें. लांबी साधारण स्वतःच्या उंचीइतकी पुरे. शेंडा आधींपासूनच हळूहळू वर उचललेला असावा, म्हणजे तो बर्फांत घुसत नाहीं. मध्यभागीं थोडी कमान असावी, म्हणजे कठीण जागीं पोलादी कडा पकड घेतात. आंत लांकूड असतें. त्यावर धातूचा पत्रा घातलेला असल्यास स्की वेगांत थरथरत नाहीं, मात्र जड होते आणि चालविणाऱ्याकडून अधिक जोर मागते.

यानंतर बाइंडिंग. त्याचीं कामें दोन, आणि तीं परस्परविरुद्ध: धरून ठेवणें व सोडून देणें. पूर्वीं तें केवळ धरूनच ठेवी. माणूस पडला, स्की अडकली, कीं पाय मोडे. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या ह्याल्मार व्हाम या स्कीपटूनें १९३७ सालीं स्वतःचा पाय मोडल्यावर आपोआप सुटणाऱ्या बाइंडिंगची रचना केली. आजच्या नेहमींच्या बाइंडिंगांत पुढचा भाग बाजूला सुटतो आणि टांचेचा भाग वर उघडतो. किती जोर आल्यावर सुटावयाचें तें एका आंकड्यानें ठरवितात, आणि तो आंकडा माणसाचें वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की चालविण्याची पद्धत यांवरून तक्त्यांत पाहून काढतात. पन्नाशी गांठलेल्यासाठीं तक्ता एक पायरी खालीं उतरतो.

मिरजेच्या तंबोऱ्याची तार फार ताणली तर तुटते आणि सैल सोडली तर बोलत नाहीं; तोच न्याय येथें आहे. आंकडा जास्त ठेवला तर पडल्यावर पाय सुटत नाहीं. कमी ठेवला तर ऐन उतारावर भलत्याच क्षणीं सुटतो. म्हणून वजन सांगतांना संकोच नको, कौशल्य सांगतांना बढाई नको, आणि मित्राचा आंकडा आपल्या बाइंडिंगवर उतरवून घेणें तर मुळींच नको. बुटाचे तळही अनेक जातींचे असतात आणि प्रत्येक तळ प्रत्येक बाइंडिंगला चालत नाहीं. दोन्ही वस्तू जाणत्या कारागिराच्या हातून जुळवून व तपासून घ्याव्या. स्की रुंद असेल तर बाइंडिंगचा ब्रेकही तितकाच रुंद लागतो. एक मर्यादा मात्र ध्यानांत ठेवावी: या खटक्यामुळें नडगीचें हाड मोडण्याचे प्रसंग पुष्कळ कमी झाले, पण गुडघ्यांतील अस्थिबंध तुटणें त्यानें थांबलेलें नाहीं.

आणि ज्याच्यापुढें बूट, स्की व बाइंडिंग तिन्ही हतबल आहेत अशी एक गोष्ट उरते. ती म्हणजे हिमस्खलन. गुलमर्गचा गोंडोला २००५ सालापासून अफरवाटच्या उंच माथ्यापर्यंत जातो, आणि वरून दिसणारा उतार फार मोहक असतो. पण याच परिसरांत, खिलनमर्ग येथें, फेब्रुवारी २०१० मध्यें सैन्याच्या त्या शाळेचे १७ जवान हिमाखालीं दगावले. ते शिक्षण घेणारे, शिस्तींत चालणारे लोक होते. बर्फाखालीं गाडलेला मनुष्य वांचण्याचा संभव पहिल्या दहापंधरा मिनिटांनंतर झपाट्यानें घटतो. एवढ्या वेळांत खालून मदत येत नाहीं. जी काय मदत ती सोबत्यांचीच. म्हणून मोकळ्या बर्फांत जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश-यंत्र, टोंचून पाहण्याची लांब काठी आणि फावडें हीं असलींच पाहिजेत; तीं वापरण्याचा सराव पाहिजे, जाणता वाटाड्या पाहिजे, आणि त्यानें आज नको म्हटलें तर मागें फिरण्याचें धैर्य पाहिजे.

तेव्हां घरच्यांनीं मुलांना सांगावें तें इतकेंच. नवशिक्यानें कांहींच विकत घेऊं नये. शिक्षणसंस्थेंत साहित्य मिळतें. हात बसल्यावर प्रथम स्वतःच्या पायाचा बूट घ्यावा आणि स्की भाड्यानें वापरून पाहाव्या. पुढें स्की घेतांना थोडी जुनी, कमी झगझगीत घेतली तरी चालेल. वांचलेल्या पैशांत संदेश-यंत्र, काठी व फावडें घ्यावें. आणि निरोप येईल तेव्हां स्कीचा रंग विचारण्यापूर्वीं एवढें विचारावें: बाइंडिंगचा आंकडा कोणी लावला, आणि बरोबर कोण आहे?