उत्तरवयांतील कच्छयात्रा

सेवेंतून मुक्त झालेल्या गृहस्थानें सपत्नीक काशी-रामेश्वर करावें, हें आपल्या घराघरांतून मान्य आहे. परंतु त्यानें मरुभूमि पाहावी, आणि तेथें भरतकामाचीं वस्त्रें व दोरे घेण्यांत चार दिवस घालवावे, असें म्हटल्यास घरांतील तरुण मंडळी हंसतात. गेल्या माघ महिन्यांत आम्हीं उभयतांनीं मोटारीनें कच्छचा प्रवास केला. त्याचा हा वृत्तांत त्या मंडळींनींही वाचावा अशी इच्छा आहे.

आमचा पहिला मुक्काम बडोद्यास झाला. गायकवाडांच्या राज्यामुळें त्या नगरींत मराठी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या रुजलीं आहेत. आमच्या कुटुंबाच्या थोरल्या भगिनीही तेथेंच दिल्या. आमच्या घरच्यांना लहानपणीं सुई धरावयास शिकविली ती याच अक्कांनीं. आतां त्यांची दृष्टि पूर्ण गेली आहे. निघतांना त्या म्हणाल्या, "अगं, माझ्यासाठीं रंग बघूं नकोस. हाताला कळेल असं कांहीं आण." या एका वाक्यानें आमच्या पुढील सर्व खरेदीस दिशा दिली.

सुरजबारीचा पूल ओलांडला कीं कच्छ लागतें. क्षेत्रफळानें हा भारतांतील सर्वांत मोठा जिल्हा. विस्तार ४५,६७४ चौरस किलोमीटर. संस्कृतांत 'इरिण' म्हणजे खारी, नापीक भूमि. 'रण' शब्दाचा संबंध याच्याशीं जोडतात. पावसाळ्यांत या सपाट प्रदेशावर समुद्राचें व नद्यांचें पाणी पसरतें, हिंवाळ्यांत तें आटतें, आणि मागें मिठाचा पांढरा थर उरतो. म्हणून रण पाहावयाचें तर मार्गशीर्षापासून माघापर्यंतच पाहावें.

भूजजवळील अजरखपूर हें गांव २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर वसलें. धमडका येथील खत्री रंगारी पिढीजात अजरख छापीत. भूकंपानंतर तेथील पाण्यांत लोह वाढलें आणि रंग बिघडूं लागले, तेव्हां त्यांपैकीं अनेकांनीं ही नवी वसाहत केली. कापड प्रथम धुऊन हिरड्याच्या पाण्यांत भिजवितात. मग लांकडी ठशांनीं चुना व डिंक यांची छपाई करून रंग न लागावयाच्या जागा राखतात. काळा रंग लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यांत आंबवून सिद्ध करतात. शेवटीं नीळ व तांबडा रंग. प्रत्येक पायरीस उन्हाची व वाहत्या पाण्याची गरज. घर सोडावें, परंतु विद्या बिघडूं देऊं नये, हा निश्चय तेथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतो.

अक्कांची वस्तु मात्र आम्हांस सुमरासर गांवीं मिळाली. १९७१ च्या युद्धानंतर सिंधमधील थरपारकर प्रांतांतून आलेल्या कुटुंबांतील स्त्रिया तेथें 'सूफ' नांवाचें भरतकाम करतात. यांत कापडावर नक्षी रेखाटीत नाहींत. उलट्या बाजूनें ताण्याबाण्याचे धागे मोजीत सुई चालवितात, आणि सुलट्या बाजूस त्रिकोणांची रांग उमटते. आमच्या सौभाग्यवतींनीं एका तुकड्याचे टांके बराच वेळ निरखले आणि सांगितलेली किंमत निमूटपणें देऊं केली. आम्हीं घासाघिशीचें सुचवितांच त्या म्हणाल्या, "हें काम मी केलं असतं तर महिना लागला असता. महिन्याचं मोल आपण कमी करायचं?" या युक्तिवादास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें काळा डुंगर चढलों. कच्छांतील या सर्वोच्च टेकडीवर श्रीदत्तात्रेयांचें मंदिर असून तेथें कोल्ह्यांस प्रसादाचा भात घालण्याची प्रथा आहे. खावड्याहून रणांतून जाणाऱ्या नव्या रस्त्यानें धोळावीरा गांठली. सिंधु-संस्कृतीच्या या नगरीनें पावसाळी ओढ्यांचें पाणी अडवून मोठमोठे जलाशय भरले होते. २०२१ मध्यें ती जागतिक वारशाच्या यादींत आली. परतीस गांधीधाम येथें पुतण्याकडे दोन दिवस राहिलों. त्याचीं मुलें गुजराती वळणाचें मराठी बोलतात. ऐकावयास मोठें गोड वाटलें.

बडोद्यास अक्कांच्या हातीं तो तुकडा दिला. त्यांनीं आधीं सुलट बाजू चांचपली, मग उलट. "मागं दोरा जवळजवळ नाहींच गं. मोजून भरलंय." असें म्हणून त्या त्रिकोण मोजीत बसल्या.

आपल्या घरांत पुरुषाचें पुस्तक हा व्यासंग ठरतो आणि स्त्रीची सुई हा केवळ फावल्या वेळचा उद्योग. वस्तुतः हाताची विद्या डोळे गेल्यावरही सोबत करते. ज्यांच्या घरीं अशी विद्या जाणणारी वडीलधारी स्त्री असेल, त्यांनीं प्रवासाचा बेत आंखतांना तिचा छंद आधीं विचारावा, आणि तीर्थस्थानें मागाहून ठरवावीं.