घरच्या घरी कीश : पाणी, आच आणि वेळ यांचा हिशेब

रविवारी न्याहारीला उशीर होतो आणि दुपारच्या जेवणाला अजून अवकाश असतो. या मधल्या वेळेच्या ‘ब्रंच’साठी आता अनेक घरांत कीश हा फ्रेंच पदार्थ केला जातो. खुसखुशीत पारी आणि तिच्यात अंडी, दूध व क्रीम यांचे अलगद थिजलेले सारण, असे त्याचे सरळ स्वरूप. साहित्यही सहज मिळणारे. तरीही पहिल्या प्रयत्नात बहुधा दोन तक्रारी उद्भवतात : तळाची पारी ओलसर, कच्ची राहते किंवा सारणाला पाणी सुटते. गोव्यासारख्या उष्ण, दमट प्रदेशात तिसराही प्रश्न आहे आणि तो चवीपेक्षा महत्त्वाचा आहे. अंड्याचा हा पदार्थ टेबलावर किती वेळ ठेवावा? या तिन्हींची उत्तरे पदार्थाच्या घडणीतच सापडतात.

लॉरेनचा वारसा

कीश हा फ्रान्सच्या ईशान्येकडील लॉरेन प्रांताचा पदार्थ. हा भाग जर्मन भाषेच्या सीमेला लागून असल्याने ‘कीश’ हा शब्द जर्मनमधील ‘कूखन’, म्हणजे केक, या शब्दाशी जोडला जातो. पारंपरिक ‘कीश लॉरेन’मध्ये अंडी, क्रीम आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे एवढेच असते, चीज नंतर आले. तिच्यात कांदा पडला की शेजारच्या आल्सासवरून ती ‘आल्सासियन’ ठरते. थोडक्यात, सारण प्रांतागणिक आणि घरागणिक बदलत आले आहे. अंडी व दुधाचे मिश्रण आणि पारी मात्र कायम.

पारी : थंडपणा हेच रहस्य

२३ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यासाठी २०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बिनमिठाचे बटर, अर्धा चमचा मीठ आणि तीन ते चार मोठे चमचे बर्फाचे पाणी पुरते. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो. येथे नेमके उलट. बटर फ्रीजमधून काढून लगेच तुकडे करून मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरडावे. त्याचे बारीक कण पिठात तसेच राहिले, तर भाजताना ते वितळून पारीत पापुद्रे तयार होतात. बटर साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमानच तिथवर पोहोचते. म्हणून मैदा आणि भांडेही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. पीठ चिकट वाटू लागले, तर आणखी मैदा न घालता ते पुन्हा थंड करावे.

पाणी घालून गोळा जेमतेम जुळला की थांबावे. अधिक मळल्यास मैद्यातील ग्लुटेन ताणले जाते आणि भाजताना पारी आकसते. गोळा तासभर फ्रीजमध्ये विसावू द्यावा, मग लाटून साच्यात बसवावा आणि साचाही अर्धा तास गार करावा.

आधी कोरी पारी भाजावी

तळ ओला राहू नये म्हणून सारण ओतण्यापूर्वी पारी वेगळी भाजणे आवश्यक आहे. काट्याने तिला टोचे मारावेत, वर बटरपेपर पसरून त्यात कोरडे राजमा किंवा चणे भरावेत. या वजनामुळे पारी फुगत नाही व कडा खाली घसरत नाहीत. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंधरा ते वीस मिनिटे भाजून कागद व कडधान्य काढावे आणि तळ फिकट सोनेरी होईपर्यंत आणखी आठ-दहा मिनिटे भाजावे. गरम पारीवर फेटलेल्या अंड्याचा पातळ हात फिरवून दोन मिनिटे ओव्हनमध्ये ठेवल्यास बारीक छिद्रे बुजतात.

सारण : ओलावा बाहेरच सोडावा

पालक आणि अळंबी यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. ते कढईतच आटले नाही, तर कीशमध्ये उतरते. अळंबी मोठ्या आचेवर कोरडी होईपर्यंत परतावीत. पालक वाफवून, मुठीत दाबून घट्ट पिळावा. लॉरेनच्या खारवलेल्या मांसाच्या जागी आपल्याकडील गोंयचो चोरीस शोभून दिसतो. तो कांद्याबरोबर पूर्ण शिजवून सुटलेली चरबी निथळावी आणि मिश्रणातील मीठ निम्म्यावर आणावे. कोणतेही सारण निवल्यावरच पारीत पसरावे.

मिश्रणासाठी चार अंडी, २०० मिलिलिटर क्रीम, १५० मिलिलिटर दूध, अर्धा चमचा मीठ, मिरपूड आणि चिमूटभर जायफळ घ्यावे. केवळ दूध वापरल्यास सारण पाणचट होते. क्रीममधील स्निग्धांश त्याला मऊपणा देतो. फेस येईल इतके फेटू नये, नाहीतर भाजताना ते फुगून नंतर खचते.

मंद आच आणि थोडी थरथर

आता ओव्हन १६० अंशांवर आणावा. अंड्यातील प्रथिने तापल्यावर एकमेकांत गुंफली जातात आणि दूध त्या जाळ्यात धरून ठेवतात. तापमान फार वाढले, तर जाळे आवळते आणि पाणी बाहेर पिळून निघते. पाणी सुटलेल्या कीशचे कारण पुष्कळदा हेच असते. साधारण ३५ ते ४५ मिनिटांनी कडा घट्ट आणि मध्यभाग साचा हलवल्यावर किंचित थरथरणारा दिसला की कीश बाहेर काढावी; उरलेले काम आतली उष्णता करते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असल्यास मध्यभागी ७५ अंशांच्या आसपास नोंद मिळावी. अंड्याच्या पदार्थांसाठी ७१ अंश ही सुरक्षिततेची किमान मर्यादा मानली जाते, कारण त्या तापमानाला साल्मोनेला जिवाणू नष्ट होतात. कापण्यापूर्वी वीस मिनिटे थांबावे.

टेबलावर किती वेळ?

४ ते ६० अंश या टप्प्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. म्हणून अंडी व दुधाचा पदार्थ बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. हवेचे तापमान ३२ अंशांपलीकडे गेले, तर ही मुदत एका तासावर येते. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हाच नियम लागू समजावा. ब्रंच रेंगाळणारे असते. पाहुणे येत राहतात आणि कीश पंख्याखाली तशीच राहते. घरात लहान मुले, वृद्ध किंवा गर्भवती असतील, तर ही हयगय महागात पडू शकते. अर्धी कीश वाढावी व उरलेली फ्रीजमध्ये ठेवावी. ती तीन दिवसांत संपवावी आणि खाताना आतपर्यंत वाफाळेल इतकी गरम करावी.

सकाळची घाई टाळायची असेल, तर पारी आदल्या रात्री भाजून हवाबंद डब्यात ठेवता येते. परतलेले सारण व फेटलेले मिश्रण झाकून फ्रीजमध्ये वेगवेगळे राहते. मग सकाळी उरते ते फक्त भरणे आणि भाजणे. सोबत लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असावी. क्रीमच्या जडपणाला तिची आंबट साथ पुरेशी होते.