एकाच रुळावरचीं दोन बिऱ्हाडें

‘उद्योगाचे घरीं ऋद्धिसिद्धी पाणी भरी’ ही म्हण आपण मुलांना तीं पाटीवर अक्षरें गिरवूं लागतात तेव्हांपासून ऐकवीत असतों. तिचा आशय खोटा आहे असें कोणीच म्हणणार नाहीं. परंतु दोन घरें सारख्याच नेटानें राबत असतां एके घरीं लक्ष्मी लवकर वळते आणि दुसऱ्या घरच्या उंबऱ्याशींच ती घुटमळत राहते, असें जेव्हां दिसतें तेव्हां त्याचें कारण कोठें शोधावयाचें? दुसऱ्या घरच्या माणसांतच कांहीं उणें असलें पाहिजे, असा निकाल देऊन आपण बहुधा मोकळे होतों. हा निकाल कितपत न्यायाचा आहे हें पारखून पाहण्यास न्यूयॉर्क शहरांतील दोन परदेशी समाजांचें उदाहरण मोठें उद्बोधक आहे. त्यांपैकीं एक समाज कोरियांतून आलेला व दुसरा बांगलादेशांतून आलेला.

न्यूयॉर्कच्या क्वीन्स नांवाच्या विभागांतून सात नंबरची आगगाडी रस्त्यावर उभारलेल्या लोखंडी खांबांवरून धांवते. तिच्या जॅक्सन हाइट्सच्या स्थानकावर उतरलें कीं बंगाली अक्षरांतील पाट्या, मिठाईचीं दुकानें आणि हिलसा मासळीचे व्यापारी दिसूं लागतात. तेथील ७३ व्या रस्त्यास २०२३ सालीं ‘बांगलादेश स्ट्रीट’ असें जोडनांवहि देण्यांत आलें. त्याच गाडीनें आणखी वीसेक मिनिटें गेलें कीं फ्लशिंग हें शेवटचें स्थानक लागतें. तेथून पूर्वेकडे निघालेल्या हमरस्त्यावर कोरियन लिपींतील पाट्यांची रांग सुरू होते. भोजनगृहें, दवाखाने, शिकवणीचे वर्ग, प्रार्थनामंदिरें असा सारा संसार तेथें मांडलेला आहे. दोन्ही बिऱ्हाडें एकाच रुळाच्या कडेचीं. परंतु त्यांच्या मिळकतींत अंतर आहे.

तें अंतर प्रथम आंकड्यांनीं पाहूं. २०१९ सालच्या पाहणीप्रमाणें अमेरिकेंत कोरियन वंशाचीं सुमारें १९ लक्ष माणसें होतीं, व बांगलादेशी वंशाचीं दोन लक्षांहून थोडीं अधिक. सर्व कुटुंबें मिळकतीच्या क्रमानें ओळींत उभीं केलीं, तर ओळीच्या अगदीं मधोमध जें कुटुंब येईल त्याचें वार्षिक उत्पन्न कोरियनांत सुमारें ७२ हजार डॉलर होतें, तर बांगलादेशीयांत सुमारें ६० हजार. शंभर कोरियनांत अकरा माणसें सरकारी दारिद्र्यरेषेखालीं होतीं. शंभर बांगलादेशीयांत एकोणीस. यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. बांगलादेशी कुटुंबांत खाणारीं तोंडें अधिक असतात. म्हणून साठ हजारांची वांटणी केली म्हणजे माणशीं पडणारा घांस दिसतो त्याहून लहान असतो.

कोण कोणत्या दारानें आलें

घरांत कोणी कोणत्या दारानें प्रवेश केला, यावर त्याला कोणती खोली मिळाली हें पुष्कळदां ठरतें. अमेरिकेचें दार आशियाच्या लोकांस जवळजवळ बंदच होतें. तें १९६५ च्या कायद्यानें उघडलें. त्या वेळीं कोरिया १९५० ते १९५३ च्या युद्धांतून नुकता सावरत होता. शाळा-महाविद्यालयें झपाट्यानें वाढलीं होतीं, पण शिकून बाहेर पडलेल्या तरुणांना पुरेसें काम नव्हतें. म्हणून शहरांत राहणारीं, पदवी घेतलेलीं, मध्यम स्थितींतील कोरियन कुटुंबें बायकामुलांसह अमेरिकेस निघालीं. १९८७ सालीं हा ओघ शिगेस पोंचला. त्या एका वर्षांत सुमारें ३५ हजार कोरियन तेथें कायमच्या वस्तीस आले. पुढें १९८८ सालीं सोल येथें ऑलिंपिक सामने भरले, देश संपन्न झाला, आणि ओघ ओसरला.

बांगलादेशाची गोष्ट निराळी. सिल्हेट भागांतील कांहीं खलाशी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जहाजांवरून उतरून न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत स्थायिक झाले होते खरे. पण त्यांची संख्या अल्प. मोठा ओघ सुरू झाला तो १९९० च्या कायद्यानंतर. ज्या देशांतून थोडे लोक येतात त्यांच्यासाठीं त्या कायद्यानें परवान्यांची वार्षिक सोडत ठेविली. शालान्त शिक्षण किंवा शिकावें लागणाऱ्या एखाद्या धंद्याचा अनुभव एवढी अट पुरी असली, कीं अर्ज करावा व नशिबाची वाट पाहावी. कोरियास या सोडतींत स्थान नव्हतें, कारण तेथून येणारे आधींच पुष्कळ होते. पुढें बांगलादेशीयांची संख्या वाढली, तेव्हां २०१३ सालच्या सोडतीपासून त्यांनाहि वगळण्यांत आलें.

सोडतीनें नांव निघतें तें एका माणसाचें. त्याचा मामा तेथें नसतो, मालाची अडत नसते, ओळखीचा सावकार नसतो. ढाक्यास पदवी घेतलेला मनुष्य विमानतळावर उतरतो, तेव्हां त्याच्या हातीं पदवीचा कागद व तिकिटासाठीं काढलेलें कर्ज एवढेंच असतें. कोरियन समाजास मागची वाट मळून पंचवीस वर्षें झालेलीं असतांना बांगलादेशी समाज पहिलें पाऊल टाकीत होता. आजच्या अंतराचा मोठा भाग या पंचवीस वर्षांत सामावलेला आहे.

दुकान आणि टॅक्सी

कोरियन मनुष्यहि पदवी घेऊनच आला होता व त्याच्याहि पदवीस तेथें कोणी विचारलें नाहीं. इंग्रजी तुटपुंजें असल्यामुळें कचेरीचें दार बंद झालें. परंतु त्याला एक दैवयोग लाभला. साठीच्या दशकांत दक्षिण कोरियाचा केसांच्या टोपांचा व्यापार भरभराटींत होता. साम्यवादी चीनमधील केसांचे टोप अमेरिकेनें १९६५ सालीं बंद केल्यामुळें त्या व्यापारास अधिकच जोर चढला. मायदेशच्या कारखानदाराशीं आपल्या भाषेंत पत्रव्यवहार करून माल मागवावा, आणि न्यूयॉर्कच्या पदपथावर किंवा लहानशा दुकानांत तो विकावा, ही गोष्ट कोरियनास साधण्यासारखी होती. तेथून तो भाजीफळांच्या दुकानाकडे वळला. हीं दुकानें तोंवर ज्यू व इटालियन कुटुंबांच्या हातीं होतीं. मालक वृद्ध झाले होते आणि त्यांचीं शिकलेलीं मुलें भाजी विकावयास तयार नव्हतीं. रिकाम्या होणाऱ्या त्या गादीवर कोरियन बसला. मध्यरात्रीं ब्राँक्समधील हंट्स पॉइंटच्या घाऊक बाजारांत जावयाचें, पहांटे माल मांडावयाचा आणि रात्रीं दिवे मालवावयाचे, असा त्याचा दिनक्रम असे.

दुकानास भांडवल कोठून आलें? त्यांतला कांहीं भाग ‘ग्ये’ मधून आला. ही संस्था आपल्या वाचकभगिनींस निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं, कारण ती म्हणजे आपली भिशीच होय. दहावीस ओळखीच्या माणसांनीं दरमहा ठराविक रक्कम घालावी, आणि पाळीपाळीनें एकानें ती सर्व उचलावी. कागद नाहीं, तारण नाहीं, केवळ शब्दाचा विश्वास. आपल्याकडे या पैशांतून पाटल्या होतात किंवा एखादें लग्नकार्य निभावतें. तेथें त्यांतून कित्येक दुकानांची पागडी भरली गेली. उरलेला पैसा घरच्या माणसांच्या बचतीचा. मात्र थेंबें थेंबें तळें सांचण्यास भोंवतीं आपल्या माणसांचा बांध असावा लागतो. कोरियनांचा तो बांध त्यांच्या प्रार्थनामंदिरांभोवतीं उभा राहिला.

दुकानाचा दुसरा गुण असा कीं त्यांत सारें कुटुंब राबूं शकतें. नवरा माल आणी, बायको गल्ल्यावर बसे, सासू भाजी निवडी, मूल गल्ल्यामागें बसून धडा वाची. पत्नीच्या श्रमास वेगळा पगार नव्हता, पण ते कुटुंबाच्या मिळकतींत मिळत होते व पाळणाघराचें भाडें वांचत होतें.

आतां टॅक्सी पाहा. बांगलादेशी समाज न्यूयॉर्कला आला तेव्हां भाजीच्या गाद्या भरलेल्या होत्या. उघडें होतें तें पिवळ्या टॅक्सीचें दार. परवाना काढावा व कमाई सुरू करावी. पुढें त्या शहरांतील पिवळ्या टॅक्सीच्या चालकांत बांगलादेशांत जन्मलेल्यांची संख्या सर्व देशांत अधिक झाली. परंतु टॅक्सीच्या सुकाणूशीं एकच मनुष्य बसूं शकतो. शेजारीं बसून पत्नी त्याचें ओझें हलकें करूं शकत नाहीं, आणि तिनें दुसरीकडे काम धरावें तर मुलांस कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच. शिवाय १९७९ पासून तेथें बहुतेक चालकांस गाडी भाड्यानें घ्यावी लागते. बारा तासांच्या पाळीचे शंभराहून अधिक डॉलर भाडें व त्यावर पेट्रोल असा भार डोक्यावर घेऊन तो सकाळीं निघतो. पाळीचे पहिले कित्येक तास जातात ते हें देणें फेडण्यांत. त्यानंतरचें उतारूंचें भाडें तेवढें घरचें. येणेंप्रमाणें एकाच्या श्रमांतून दुकानाची मालकी उभी राहत होती, तर दुसऱ्याच्या श्रमांतून गाडीच्या मालकाचें भाडें.

दोघांच्याहि वाट्याचा वणवा

यावरून दुकान म्हणजे सुखाचें आगर असें मात्र कोणी समजूं नये. कोरियन दुकानें बहुधा गरीब काळ्या वस्तींत असत, कारण तेथें भाडें कमी व मोठ्या व्यापाऱ्यांची स्पर्धा नव्हती. गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांच्या मनांत एकमेकांविषयीं सांचलेली अढी १९९२ च्या एप्रिलच्या अखेरीस लॉस अँजेलिस येथें भडकली. रॉडनी किंग नांवाच्या काळ्या इसमास मारहाण करणाऱ्या पोलिसांची सुटका झाली, दंगल उसळली, आणि दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानें लुटलीं वा जाळलीं गेलीं. त्यांचें नुकसान सुमारें चाळीस कोटी डॉलरचें होतें. कित्येकांचे विमे अशा कंपन्यांकडे होते कीं त्यांनीं पैसेच दिले नाहींत. वीस वर्षांची कमाई तीन रात्रींत राख झाली. कोरियन लोक त्या दिवसास नुसत्या तारखेनें, ‘सा-इ-गू’ म्हणजे चार-दोन-नऊ असें म्हणतात.

बांगलादेशी चालकांच्या वाट्याचा वणवा धूर न दाखवितां पेटला. भाड्याचें जू झुगारून द्यावें या इच्छेनें अनेकांनीं टॅक्सीचा मालकी-परवाना, म्हणजे गाडीवर ठोकलेला धातूचा बिल्ला, विकत घेतला. असे बिल्ले शहरांत साडेतेरा हजारांच्या आसपासच होते. शहराच्या कारभाऱ्यांनीं त्यांचे लिलाव केले व उत्तम गुंतवणूक म्हणून त्यांची भलामणहि केली. २०१४ सालीं एका बिल्ल्याची किंमत दहा लक्ष डॉलरांवर गेली होती. ज्यांत मुद्दल कधीं फिटूं नये अशा बेताचीं कर्जें सावकारांनीं चालकांस दिलीं. इतक्यांत फोनवरून बोलावण्याच्या मोटारी हजारोंनीं रस्त्यावर आल्या, आणि २०१८ च्या सुमारास त्याच बिल्ल्यास दोन लक्षहि येईनात. कर्ज मात्र पूर्वींच्या किंमतीचें. त्या वर्षीं चालकांच्या आत्महत्यांनीं शहर हादरलें. २०२० च्या महामारींत रस्ते ओस पडले. अखेरीस २०२१ च्या शरदांत नगरभवनासमोर चालकांच्या संघानें पंधरा दिवस उपोषण केलें. त्यांत निरनिराळ्या देशांचे व धर्मांचे चालक एकत्र बसले होते. नोव्हेंबरांत तडजोड झाली : मुख्य सावकाराचीं कर्जें १ लक्ष ७० हजार डॉलरांपर्यंत खालीं आणावीं, महिन्याचा हप्ता १,१२२ डॉलरांहून अधिक नसावा, आणि चालकास फेडणें न साधल्यास शहरानें हमी घ्यावी. गेलेलीं वर्षें मात्र परत आलीं नाहींत.

दोन्ही प्रसंगांचा धडा एकच. श्रम दोघांनींहि केले. पण श्रमांतून सांचलेलें धन कोणत्या जागीं ठेवलें गेलें, आणि त्या जागेवर कोणाची सत्ता होती, यावर तें टिकणें न टिकणें अवलंबून राहिलें.

पुढची पिढी

ज्या ठिकाणीं हीं दोन्ही बिऱ्हाडें अगदीं सारखीं दिसतात तें ठिकाण म्हणजे मुलांची अभ्यासाची जागा. आपल्या मुलानें आपली गादी चालवावी असें कोरियन दुकानदारास कधींच वाटलें नाहीं. आपल्या मुलानें टॅक्सी हांकावी असें बांगलादेशी बापासहि वाटत नाहीं. न्यूयॉर्कमध्यें कांहीं नामांकित सरकारी विद्यालयांत केवळ एका लेखी परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. ती परीक्षा दोन्ही समाजांनीं आपल्या आशेची शिडी मानली. फ्लशिंगमध्यें कोरियन पद्धतीचे शिकवणीवर्ग निघाले. मागाहून जॅक्सन हाइट्स व जमेका भागांत बांगलादेशी वर्ग निघाले. कोरियनांचीं मुलें वकील, डॉक्टर, हिशेबनीस झालीं, आणि भाजीचीं दुकानें एकेक करून बंद झालीं किंवा दुसऱ्यांच्या हातीं गेलीं. तेथील वृद्ध कोरियन दुकानदारांपैकीं कित्येकांस आज निवृत्तिवेतनाचा आधार नाहीं. त्यांनीं सारें कांहीं मुलांच्या शिक्षणांत घातलें होतें.

बांगलादेशी बापाच्या पैशास तर दोन वाटा असतात. एक वाट शिकवणीच्या फीची, व दुसरी सातासमुद्रांपलीकडच्या आईबापांची. २०२४-२५ या वर्षांत परदेशस्थ बांगलादेशीयांनीं मायदेशीं सुमारें तीन हजार कोटी डॉलर पाठविले. क्वीन्समधील एखाद्या कुटुंबाची गरिबी म्हणजे पुष्कळदां सिल्हेट वा नोआखालीकडच्या एखाद्या घराची चूल, बहिणीचें लग्न, भावाची फी असते. उत्पन्नाच्या आंकड्यांत ही गोष्ट दिसत नाहीं.

शेवटीं एक आंकडा आपल्याविषयींचा. त्याच २०१९ च्या पाहणींत भारतीय वंशाच्या कुटुंबांचें मधलें उत्पन्न १ लक्ष १९ हजार डॉलर होतें, म्हणजे बांगलादेशी कुटुंबाच्या जवळजवळ दुप्पट. आपल्यापैकीं अनेकांचे मुलगे, मुली, भाचे, पुतणे त्यांत मोडतात, आणि हा आंकडा वाचून ऊर भरून येणें स्वाभाविक आहे. पण त्यांतले पुष्कळसे गेले ते इंजिनिअर, डॉक्टर, संगणकतज्ज्ञ म्हणून निवडले जाऊन, नोकरीचा कागद हातीं घेऊन. त्यांची पारख आधीं झाली व मग दार उघडलें. त्यांच्या गुणांचा यांत मोठा वांटा आहे. त्या दाराचाहि आहे. भेटीस गेलेल्या आईवडिलांना विमानतळावरून घरीं नेणारा टॅक्सीवाला कदाचित् त्यांच्याच वयाच्या एखाद्या बंगाली शिक्षकाचा पदवीधर मुलगा असेल. त्याच्या घरच्या लक्ष्मीची चाल मोजावयाची असेल, तर तो केव्हां आला, कोणत्या दारानें आला, आणि त्याच्या गाडीचें भाडें कोणाच्या घरीं जातें, हे तीन प्रश्न प्रथम विचारावे. म्हण खरी ठरण्यास तेवढा अवधि तिला द्यावा लागतो.