मास्टर गेला की केबल तुटली?

बँक, कॉलेज, इस्पितळ अशा ठिकाणच्या सर्व्हर रूममध्ये एकावर एक रचलेले नेटवर्क स्विच पाठीमागून खास केबलींनी वर्तुळात जोडलेले असतात. पेट्या नऊ असल्या तरी बाकीच्या नेटवर्कला तो एकच स्विच वाटतो: एक आयपी पत्ता, एक कॉन्फिगरेशन. हा झाला स्टॅक. त्याचा कारभार एक मास्टर पाहतो.

सिस्कोच्या ३७५० मालिकेत मास्टर निवडण्यासाठी प्रत्येक स्विचला १ ते १५ मधला प्राधान्यक्रम देता येतो. मोठा आकडा जिंकतो. तो कोणी दिलाच नाही, तर सगळे १ वर राहतात आणि बाकी निकषांवरही बरोबरी झाली, तर सर्वांत लहान मॅक पत्त्यावर निकाल लागतो. जुन्या पेटीचा पत्ता सहसा लहान असतो, त्यामुळे पुष्कळदा सर्वांत जुन्या पेटीच्याच गळ्यात माळ पडते. हे नशिबावर सोडू नये. नवा स्विचही बंद असतानाच जोडावा. चालू जोडला तर तो स्वतःचाच मास्टर असल्याने दोन मास्टर समोरासमोर येतात, पुन्हा निवड होते आणि हरलेल्या बाजूचे सगळे स्विच रीस्टार्ट होतात.

खरा पेच फुटीचा. वर्तुळ एका जागी तुटले तर माहिती दुसऱ्या बाजूने फिरते. दोन जागी तुटले की स्टॅकचे दोन तुकडे. मास्टरपासून सुटलेल्या तुकड्याला एवढेच कळते, की मास्टरचे संदेश थांबले. मास्टर बंद पडला की मधली केबल गेली, हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही. तुकडा आपला नवा मास्टर निवडतो. जुनाही जिवंत असेल, तर एकाच पत्त्यावर दोघांचा हक्क आणि नेटवर्कमध्ये गोंधळ.

एचथ्रीसी कंपनीचे स्विच स्टॅकच्या केबली सोडून दुसऱ्या वाटेने चौकशी करतात. दुसरा मास्टर सापडला, तर एक गट आपली बहुतेक पोर्ट स्वतःहून बंद करतो.

ज्युनिपरचा नियम मला अधिक सुंदर वाटतो, कारण तो चौकशीशिवाय चालतो. तिथे मास्टरसोबत एक राखीवही ठरलेला असतो. हे दोघे वेगळे पडले, तर मास्टरच्या तुकड्याला निम्म्याहून जास्त स्विच लागतात, राखीवच्या तुकड्याला निम्मे पुरतात. दोन्ही तुकडे एकाच वेळी पात्र ठरूच शकत नाहीत. मात्र स्टॅक दोनच स्विचचा असेल आणि राखीव बंद पडला, तर धडधाकट मास्टर एकटाच निम्मा उरतो आणि काम थांबवतो. म्हणून दोन स्विचच्या स्टॅकमध्ये ही फूट-तपासणी बंद ठेवावी, असे ज्युनिपरच सुचवते.