टमी टक होऊन सहा वर्षं झाली, तरी पोट तट्ट का?

ज्यांना इअरफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप.

आजचा प्रश्न एका ताईंच्या व्हॉइस नोटमधून आलाय. दोन बाळंतपणांनंतर त्यांनी टमी टक करून घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. पण आता संध्याकाळ झाली की पोट फुगतं, दगडासारखं टणक लागतं. लोक विचारतात, "काय, गोड बातमी?" आणि ऑपरेशनचं सासरी कुणालाच माहीत नाही, म्हणून फॅमिली डॉक्टरांनाही सांगितलेलं नाही. या शेवटच्या वाक्याकडे परत येऊया.

आधी ऑपरेशनमध्ये होतं काय, ते बघू. बेंबीखालची जादा कातडी आणि तिच्याखालची चरबी काढतात. पोटावर मधोमध दोन उभे स्नायू असतात, गरोदरपणात ते एकमेकांपासून लांब जातात. बहुतेकदा सर्जन टाके घालून त्यांना पुन्हा जवळ आणतात. म्हणजे पोटाची पुढची भिंत आवळली गेली. आत मात्र सगळं तेच! आतडी तीच, गॅस तोच, आतड्यांभोवतीची चरबीही तीच, कारण ती या ऑपरेशनमध्ये निघतच नाही.

उशीचा अभ्रा आठवा. सैल अभ्र्यात कापूस जास्त झाला तरी कळत नाही, मापाच्या अभ्र्यात मात्र उशी टणक होते. तेवढाच गॅस, पण भिंत पूर्वीसारखी सैल पडत नाही, म्हणून तो जास्त जाणवू शकतो. त्यात बेंबीखालची कातडी काही जणींना वर्षानुवर्षं बधिर लागते. हात लावला की पोट आपलं वाटतच नाही.

"ऑपरेशनची सूज असेल" हे स्पष्टीकरण काही महिने, फार तर वर्षभर चालतं. सहा वर्षांनी नाही.

मग काय करायचं? शिंप्याची मोजपट्टी घ्या. सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना बेंबीच्या पातळीवर माप घ्या, दोन आठवडे, फोनमध्ये नोंद ठेवा. पोट आत ओढायचं नाही हं, तिथे आपण स्वतःलाच फसवतो. सकाळी कमी आणि रात्री बरंच जास्त येत असेल, तर बहुधा मामला आतड्यांचा आहे: बद्धकोष्ठता, दूध न पचणं, आयबीएस, कडधान्यं, कांदा-लसूण, शुगरफ्री च्युइंगम. रोज शौचाला होतं म्हणजे बद्धकोष्ठता नाही, असं नसतं. पोट पूर्ण साफ होतं का, हा खरा प्रश्न.

माप दिवसभर तेच राहत असेल, तर वेगळा विचार. वजन वाढलं असेल, तर चरबी आतल्या बाजूला साठू शकते. उताणं झोपून डोकं उचलल्यावर मधोमध उंचवटा आला, तर टाके सुटलेले असू शकतात किंवा हर्निया असू शकतो. क्वचित ऑपरेशननंतर साठलेल्या पाण्याभोवती जाड आवरण तयार होतं आणि ती गाठ वर्षांनुवर्षं राहते. सोनोग्राफीत ती सहसा दिसते.

आता ते शेवटचं वाक्य. डॉक्टरांपासून ऑपरेशन लपवू नका. सासरी सांगायचं की नाही, तो तुमचा प्रश्न. पण टाके कुठे आहेत हे माहीत नसेल, तर तपासणारा अंदाजच बांधणार. आणि एक गोष्ट "टमी टकमुळेच असेल" म्हणून सुटून जाते: अंडाशयाचा कॅन्सर. पोट तीन आठवडे जवळजवळ रोज फुगतंय, चार घासांत पोट भरतंय, ओटीपोटात दुखतंय, लघवीला सारखं जावं लागतंय, तर थांबू नका. पन्नाशीनंतर किंवा घरात कुणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर अजिबातच नाही. सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी, सुरुवात इथून होते. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त जाणं, हर्नियाचा फुगा आत न जाता दुखणं आणि उलट्या होणं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर, मोजपट्टी नंतर.

ताईंनी शेवटी विचारलंय, "पुन्हा टक करून घेऊ का?" ताई, सकाळी पोट सपाट असेल, तर दुसऱ्या ऑपरेशनने संध्याकाळचा गॅस कमी होणार नाही. आधी दोन आठवड्यांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि या वेळी ऑपरेशनचं सांगा.