होर्सेन्सचा सहकारी कत्तलखाना : कृषी विद्यार्थ्यांच्या अभ्यासदौऱ्यातील एक टप्पा

डेन्मार्कमध्ये अभ्यासदौऱ्यावर येणाऱ्या कृषी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने जटलंड द्वीपकल्पातील होर्सेन्स या शहराला विशेष महत्त्व आहे. ‘डॅनिश क्राऊन’ या शेतकऱ्यांच्या मालकीच्या संस्थेचा येथील वराह कत्तलखाना बांधतानाच अभ्यागतांसाठी एक लांब सज्जा राखून ठेवण्यात आला. डुकरे आवारात उतरविण्यापासून मांसाचे तुकडे होईपर्यंतचे काम तेथून काचेआड पाहता येते. बहुतेक देशांत जे भिंतीमागे चालते ते येथे उघड दाखविले जाते, ही गोष्ट नजरेत भरल्यावाचून राहत नाही.

वाहनातून उतरलेल्या डुकरांना लगेच पुढे नेले जात नाही. त्यांना लहान लहान गटांत काही काळ विश्रांती दिली जाते व नंतर कार्बन डायऑक्साइड वायूने बेशुद्ध केले जाते. यामागे भूतदयेबरोबरच व्यवहारही आहे. मृत्यूपूर्वी जनावर भेदरले की स्नायूंतील आम्लता झपाट्याने वाढते, मांस फिकट व पाणचट होते आणि त्याची किंमत घटते.

तथापि विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्याजोगी बाब यंत्रांत नाही. प्रत्येक डुकराच्या अंगावर पुरवठादार शेतकऱ्याचा क्रमांक गोंदलेला असतो. पशुवैद्यकीय तपासणीत आढळलेला दोष, वजन आणि चरबीविरहित मांसाचे प्रमाण यांची नोंद त्या क्रमांकावर होते व तिच्या आधारे शेतकऱ्याला मोबदला मिळतो. आपल्या गोठ्यात खुराक किंवा निगा कोठे चुकली, हे त्याला त्या हिशेबावरूनच उमगते.

ही पद्धत जेथे मूळ धरते झाली ते ठिकाणही होर्सेन्सच होय. स्वस्त परदेशी धान्यामुळे शेतीमालाचे भाव कोसळल्यावर डॅनिश शेतकरी पशुपालनाकडे वळला होता. 1882 मध्ये ह्येडिंग येथे पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली आणि तिच्या मागोमाग निघालेल्या दुग्धशाळांतून परत मिळणारे मलईविरहित दूध डुकरांना खाद्य म्हणून उपयोगी पडू लागले. परंतु 1887 मध्ये जर्मनीने जिवंत डुकरांच्या आयातीस बंदी केली व हक्काची बाजारपेठ हातची गेली. त्याच वर्षी होर्सेन्स परिसरातील शेतकऱ्यांनी देशातील पहिला सहकारी कत्तलखाना उभारला. आपली डुकरे याच कत्तलखान्याला देण्याचे बंधन सभासदांनी स्वीकारले आणि जिवंत जनावराऐवजी खारविलेले मांस ब्रिटनकडे जाऊ लागले.

आज चित्र पुन्हा पालटत आहे. अनेक उत्पादक पिले लहान असतानाच पोलंड, जर्मनी आदी देशांत पाठवितात. तेथे ती वाढविण्याचा खर्च कमी येतो. परिणामी कत्तलखान्यांना पुरेशी जनावरे मिळेनाशी झाली असून संस्थेने 2024 मध्ये रिंगस्टेड येथील आपला मोठा कत्तलखाना बंद केला. होर्सेन्सच्या सज्ज्यातून हे दिसत नाही. त्यासाठी विद्यार्थ्यांना एखाद्या पिले पैदा करणाऱ्या शेतकऱ्याच्या अंगणातच जावे लागते.